दुसरी बाजू मंगळवारी

‘तुमचे आवडते अल्बम कोणते?’ असं विचारलं की भलाभला माणूस कर्जाच्या अर्जदारासारखा वागू लागतो. अर्जात जसं ‘मेहुण्याकडून उसने घेतलेले पाच हजार’ कुणी लिहीत नाही, तसं या यादीतही खरं कुणी लिहीत नाही. पहिल्या ओळीत एखादे पंडित असतात, दुसरीत एखादे उस्ताद, आणि आपण अगदीच सोवळे नाही हे दाखवायला तिसरीत एक गोरा साहेब. दाढी करताना जे खरोखर गुणगुणलं जातं ते यादीत कुठंच नसतं. मी बँकेत बावीस वर्षं अर्ज तपासतोय. कागद टेबलावरून सरकवला तरी कुठला आकडा फुगवलाय ते मला आवाजावरून कळतं.

म्हणून मी यादी मागत नाही. अल्बम आणा म्हणतो, आणि सगळा ऐकवा म्हणतो. यादीत खोटं बोलता येतं. पण आपणच आणलेला अल्बम चार माणसांसमोर चाळीस मिनिटं ऐकायचा आणि चेहऱ्यावर तल्लीन भाव टिकवायचा, हे कसलेल्या नटालाही जड जातं. मग आमच्या कर्जविभागाच्या साहेबांची काय कथा!

आता या ‘अल्बम’ शब्दाचं थोडं. आमच्या घरी अल्बम म्हणजे लग्नाचा. पाहुणे आले की चहाआधी काढायचा आणि ‘हे कोण?’ ‘हे वारले’ अशी ओळख करून द्यायची. संगीतातला अल्बम हा त्याचाच सख्खा भाऊ निघाला. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावायची. एखादी लांबलचक सिंफनी विकायची तर पाच-सहा तबकड्या लागत, आणि त्या फोटोच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून देत. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले तबकडी काढली. सगळी वही एका तबकडीत आली. वही गेली, नाव राहिलं. आमच्या बँकेत याच्या बरोबर उलट. मी लागलो तेव्हा क्लार्क होतो, आता मला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. नाव गेलं, स्टूल राहिलं.

तबकडीला दोन बाजू असतात, कॅसेटलाही असतात, आणि माझ्या मते अल्बमची परीक्षा दुसऱ्या बाजूवर होते. पहिली बाजू म्हणजे कांदेपोहे. तिथं सगळे नीट बसलेले असतात, उत्तम माल समोर मांडलेला असतो. दुसरी बाजू म्हणजे संसार. ही कसोटी मला शास्त्रीय, सुगम, जॅझ, रॉक, भक्तिगीतं अशी सगळीकडे सारखीच चाललेली दिसते, आणि ‘अमुक एका प्रकारातलं आपल्याला काही कळत नाही हो’ म्हणणाऱ्या माणसालाही ती लावता येते. त्याला कंटाळा आला की नाही एवढं तर त्याला कळतं ना?

आमच्या ठाण्याच्या शाखेत जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटांची. म्हणजे पहिली बाजू सोमवारी, दुसरी मंगळवारी. फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा करायचा की आवाज भरदार होतो. (पोळ्यांचा उंच डबा घ्यावा. कोशिंबिरीच्या बसक्या डब्यात लताबाईसुद्धा पडशाने बेजार वाटतात.) नियम दोनच: गाणं पुढं ढकलायचं नाही, आणि ‘हे आमच्यातलं नाही’ म्हणायचं नाही. दुसरा नियम पाळताना लोक जास्त घामाघूम होतात.

सुरुवात कर्जसाहेबांनी केली. ‘द अनफर्गेटेबल्स’. जगजित आणि चित्रा सिंग, १९७६. गझल तेव्हा एक तर मैफिलीत होती नाही तर सिनेमात. या जोडप्यानं तिला गिटार आणि व्हायोलिन देऊन मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणून बसवली. जाणकारांनी नाकं मुरडली. मला त्यात काही गैर वाटत नाही. दिवाणखान्यात बसायचं म्हणजे आवाज जरा बेतानंच ठेवावा लागतो. अल्बम गोड आहे, फार गोड आहे, आणि मंगळवारी अकराव्या मिनिटाला कर्जसाहेबांचाच हात फोनकडे गेला. आम्ही तो धरला.

दुसरा आठवडा आमच्या प्रोबेशनर मॅडमचा. वय पंचवीस, मूळच्या मडगावच्या, आजोबा मुंबईतल्या हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचे. यात नवल नाही. एकेकाळी मुंबईतले निम्मे बँड आणि सिनेमाचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांवर चालत. चिक चॉकलेट नावानं गाजलेला ट्रम्पेटवाला तर आपल्या सी. रामचंद्रांबरोबर काम करत होता. म्हणजे ‘जॅझ आमच्यातलं नाही’ म्हणणाऱ्या मराठी माणसानं बारशापासून ते ऐकलेलं असतं, फक्त त्यावर भगवानदादा नाचत असल्यामुळे त्याला पत्ता लागलेला नसतो.

मॅडमनी आणला माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’, १९५९. नुसत्या दोन बैठकींत ध्वनिमुद्रित झालेला, पाच रचनांचा. तेव्हाचे जॅझवाले दर दोन मात्रांनी सुरावटीचा आधार बदलत पळत असत. डेव्हिसनं ठरवलं की एका स्वरसप्तकात ठिय्या मारून बसायचं, आणि तिथंच काय सापडतं ते बघायचं. हे वाक्य मी उच्चारताच आमचे हेड कॅशियर नाना जेवता जेवता थांबले. “मग त्यात नवीन काय केलं?” नानांच्या सात पिढ्या भूपात ठिय्या मारून बसलेल्या. पण हा राग नव्हे, आणि मॅडमना तो राग म्हणून खपवायचाही नव्हता. इथं न वाजवलेल्या जागा जास्त बोलतात. ट्रम्पेटवाला दोन सूर लावतो आणि जणू काउंटर सोडून चहाला निघून जातो; रांग मुकाट्यानं उभी राहते. मंगळवारी दुसरी बाजू लागली तेव्हा ‘ऑल ब्लूज’ला नानांच्या बोटांनी आपोआप दादरा धरला. सहाचाच हिशेब आहे तो. दादरा सापडल्यावर नानांनी त्या साहेबाला माणसांत घेतला.

या अल्बमची एक गोष्ट प्रत्येक बँकेत लावून ठेवावी अशी आहे. पहिल्या बैठकीच्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू चाललं होतं. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तबकडीवर किंचित वेगानं आणि किंचित चढ्या सुरात उमटल्या. दुसऱ्या यंत्रावरची राखीव टेप बरोबर होती. त्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघायला १९९२ साल उजाडलं. तेहतीस वर्षं! आमच्याकडे तेहतीस पैशांचा फरक लागला तर रात्री नऊ वाजेपर्यंत घरी सोडत नाहीत. नाना म्हणाले, “राखीव प्रत होती ना? मग टॅली का नाही केलं?” जॅझवर याहून नेमकी टीका मी वाचलेली नाही.

तिसऱ्या आठवड्यात आमचे शिपाई, मामा, यांनी प्रल्हाद शिंद्यांच्या भक्तिगीतांची कॅसेट आणली. कर्जसाहेब म्हणाले, “मामा, अहो हा अल्बम नव्हे, ही कॅसेट.”

“फरक काय, सर?” मॅडमनी विचारलं.

कर्जसाहेब भाताकडे बघू लागले. मामाच म्हणाले, “फरक हाये ना मॅडम. अल्बम लोक कपाटात ठेवत्यात. कॅसेट झिजती.”

आवडत्या अल्बमच्या आपल्या याद्यांत प्रल्हाद शिंदे येत नाहीत. एस. टी. स्टँडवर, जत्रेत, मांडवात, रिक्षात हा आवाज अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकला. भक्तिगीतं, भीमगीतं, कव्वाल्या असं सगळं शिंद्यांनी गायलं, २००४ साली ते गेले, आणि तरी यादी करायला बसलं की आपल्याला ते आठवत नाहीत. वास्तविक तो आवाज उघड्या मैदानाचा आहे. डब्यात मावत नव्हता. डबा थरथरायला लागला. देवाकडे मागणं मागताना त्यात लाचारी नाही, वसुलीचा सूर आहे. दुसरी बाजू मात्र, माझ्या कसोटीला स्मरून सांगतो, पहिलीची जुळी बहीण होती. साथीची वाद्यं त्याच जागा तशाच भरत होती, आणि चौथ्या गाण्याला पहिलंच पुन्हा लागलं की काय असं वाटलं. मामांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “रांगंत हुबं ऱ्हायलं की समदी माणसं सारखीच दिसत्यात साहेब.” मामांच्या बाजूनं निकाल लागला.

मग नानांची पाळी. नाना तीन महिन्यांनी निवृत्त होणार. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजलेला माणूस. एका शाखेत बारा वर्षं मी शेजारी बसलोय, पण ‘सुट्टे आहेत का’ आणि ‘व्हाउचर कुठंय’ यापलीकडे आमचं बोलणं गेलेलं नव्हतं. नानांनी फोन घेतला नाही. रेकॉर्ड रूममधून जुना टू-इन-वन काढला, धूळ झटकली आणि पिशवीतून कॅसेट काढली. ‘अभंग तुकयाचे’. चाली श्रीनिवास खळ्यांच्या, आवाज लता मंगेशकरांचा.

तुकोबा आपण बहुतेक वेळा दिंडीत ऐकतो. भीमसेनजींची अभंगवाणी ऐकावी तर मागून वीस हजार माणसं चाललेली ऐकू येतात, आणि आपणही चालू लागतो. खळ्यांनी तुकोबांना गर्दीतून वेगळं काढलंय. इथला तुकोबा भंडारा डोंगरावर एकटा बसलाय, गाव खाली राहिलंय. वाद्यं अदबीनं दूर उभी आहेत. चाली ऐकायला साध्या, पण गुणगुणायला गेलं की दुसऱ्या ओळीत पाय घसरतो. खळे अण्णांच्या जिन्याला मधेच एक पायरी कमी असते. आणि पुरुषाची ती वाणी बाईच्या आवाजात येताना तिच्यातला कडकपणा जात नाही, उलट वर काढल्यासारखा दिसतो. दुसरी बाजू? इथं दुसऱ्या बाजूवर कुणी घड्याळ बघितलं नाही. एवढाच पुरावा मी देऊ शकतो.

नानांच्या त्या कॅसेटला एक जोड आहे. १९९६ साली यंत्रानं टेप गिळली, तेव्हा नानांनी चुरगळलेला तुकडा कात्रीनं कापून सेलोटेपनं सांधा केला. त्यात दीड शब्द गेला. ती जागा आली की नाना स्वतः तो दीड शब्द म्हणतात, खालच्या पट्टीत, आणि पुढचं लताबाईंवर सोपवतात. इतकी वर्षं हा करार चालू आहे. मॅडमनी उत्साहानं त्यांना फोनवर अखंड गाणं ऐकवलं. नाना ती जागा आल्यावर दचकले. “इथं माझं काम असतं,” म्हणाले.

हल्ली अल्बम कुणी कुणाला देत नाही, लिंक पाठवतात. लिंक परत करावी लागत नाही, हरवत नाही, तिला बुरशी येत नाही. आणि म्हणूनच बहुधा ती ऐकलीही जात नाही. माझ्याकडे एकशे चाळीस जमल्यात. कॅसेट उसनी दिली की देणारा आठव्या दिवशी विचारायचा, “ऐकलीस?” हे व्याज होतं.

तुकोबांविषयी नानांची एक आवडती गोष्ट आहे. चरित्रकार सांगतात की दुष्काळानंतर तुकोबांनी घरच्या सावकारीतली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. आम्ही याला राइट-ऑफ म्हणतो आणि त्याला वरून मंजुरी लागते. तुकोबांनी शाखा पातळीवर निर्णय घेतला. “पण बुडवली ती आपल्या वाट्याची,” नाना बोट वर करून सांगतात. “धाकट्या भावाचा वाटा आधी मोजून वेगळा काढून दिला. म्हणजे हिशेब चोख.” कॅशियरला संतसुद्धा टॅली झालेला लागतो.

यानंतर माझी पाळी, आणि मी पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ आणला. १९७३ सालचा. मी बी. कॉम.ला असताना काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतलेला. ते दुकान २०१६ साली बंद झालं; माझी कॅसेट अजून चालू आहे. कॉमर्सच्या विद्यार्थ्यानं हा अल्बम घेण्याचं कारण उघड आहे. दुसरी बाजू सुरू होते ती नाण्यांच्या खणखणाटानं. नाणी, गल्ल्याची घंटा, कागद फाटल्याचा आवाज, मोजणीयंत्र असे टेपचे तुकडे पट्टीनं मोजून कापले, एकमेकांना चिकटवले, गोल माळ केली आणि ती यंत्रातून फिरवत ठेवली. म्हणजे सांधा यांनीही मारला होता. नानांना हे ऐकून बरं वाटलं.

पण आधी सोमवार. पहिली बाजू उघडते ती हृदयाच्या ठोक्यांनी. “कुणाचा तरी बीपी वाढलाय,” मामा म्हणाले. शेवटाला एक बाई येते, क्लेअर टोरी. शब्द नाहीत, नुसता आलाप, मरणाविषयीचा. या गाण्याचे तिला तीस पौंड मिळाले होते. २००४ साली तिनं दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि तेव्हापासून संगीतकार म्हणून तिचंही नाव लागतं. “एकतीस वर्षं थकबाकी,” कर्जसाहेब म्हणाले. त्या अल्बममधलं त्यांना एवढंच भावलं.

तिच्या आधी ‘टाइम’ आहे. एका जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेका घड्याळाचा आवाज वेगळा टिपून आणला आणि सगळी एकदम वाजवली. डब्यातून तो गजर झाला तेव्हा बाहेरच्या दोन ग्राहकांनी जेवणाची वेळ संपली समजून रांग धरली. मग ते गाणं सुरू होतं. आळसात बसून राहिलेल्या माणसाची वर्षं कशी निसटली, इतकाच विषय. मी अर्थ थोडा मराठीत सांगत होतो. नानांची बोटं टेबलावर होती, पण ठेका धरत नव्हती.

गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, “हा मनुष्य कुठल्या बँकेत होता?”

मी म्हटलं, “नाना, हे लिहिलं तेव्हा तो तिशीच्या आत होता.”

“मग त्याला कुणी सांगितलं?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. मी पंचेचाळीसचा आहे. विसाव्या वर्षी या कॅसेटमधली मला नाणी ऐकू यायची. घड्याळं मी पुढं ढकलत असे.

मंगळवारी नाण्यांचं गाणं लागलं आणि नाना ताळ्यावर आले. सात मात्रा! अभंगात वाढलेल्या माणसाला रूपक कुठंही भेटो, तो ओळखतो. सॅक्सोफोन सातातच वाजत होता. मग गिटार आली आणि साहेबानं चुपचाप चारात उडी मारली. “बदलला बघ ताल!” नाना ऑडिटरच्या आनंदानं ओरडले. नाण्यांविषयी त्यांचं मत प्रतिकूल होतं. “नुसती ओततोय. मोजत नाहीये.”

टीकाकार म्हणून मलाही तेच म्हणायचंय. पैशाची टर उडवणाऱ्या या अल्बमच्या सुमारे साडेचार कोटी प्रती खपल्या असं मानतात. टर चांगली आहे, ताल त्याहून चांगला आहे, पण तिला किंमत पडलेली नाही. तुकोबांची खतं खरोखर ओली झाली. त्या दोन आठवड्यांत एकाच टेबलावर एकाच डब्यातून दोघं ऐकले नसते तर हा फरक मला लागला नसता. रॉकच्या कपाटात रॉक आणि अभंगांच्या कपाटात अभंग ठेवले की दोन्ही आपापल्या जागी थोरच दिसतात. पण ‘टाइम’ मात्र मी त्या कपाटातून काढून खळ्यांच्या शेजारी ठेवायला तयार आहे. तिथं ते पोरगं टर उडवत नाही. त्यानं काहीतरी पाहिलंय.

बुधवारी नानांनी ती कॅसेट घरी मागून नेली. गुरुवारी मला त्यांची मिळाली, सेलोटेपसकट. “ती जागा आली की म्हणायचं,” अशी सूचना होती. मी म्हटलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “लताबाईंना मदत लागत नाही.”

आता नानांच्या निरोपसमारंभाची वर्गणी फिरतेय. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला भिंतीवरचं घड्याळ देण्याची प्रथा आहे, का ते कुणाला माहीत नाही. ज्याला यापुढं कुठंही वेळेवर जायचं नाही त्याला आम्ही लंबकाचं घड्याळ देतो. परवा नाना माझ्या काउंटरशी आले आणि हळूच म्हणाले, “कमिटीत तू आहेस ना? मला घड्याळ नको.” मी मॅडमना सांगितलं, मॅडमनी कर्जसाहेबांना. कर्जसाहेबांनी घड्याळ मागच्याच महिन्यात सवलतीत घेऊन ठेवलंय. ते मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये कपाटावर आहे, चावी दिलेलं, आणि दर अर्ध्या तासानं वाजतं. तेवढ्यापुरती नानांची नोटांवरची बोटं थांबतात, आणि मग ते बंडल पहिल्यापासून मोजतात.